गौराई पाण्यात गेल्यावर

धुळे, २ मे

अहो,

मी लाडकुंवरकडे आहे. भूषणने तुम्हाला सांगितलं असेलच, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहिते. फोन मुद्दाम बंद ठेवला आहे. फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून आधी 'हो' निघतं आणि विचार मागाहून येतो. कागदावर तसं होत नाही.

मंदाबाई शुद्धीवर आलेली नाही. डाव्या कानाच्या वरचं हाड आत दबलं आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. चमच्याने टिचलेल्या अंड्याच्या कवचासारखं दिसतं ते. सगळे केस काढून टाकलेत. नदीच्या पल्याड ती उभी असली की मी तिला त्या मोठ्या अंबाड्यावरून ओळखायची. आता तोंड एवढं सुजलं आहे की उखर्डूनेही म्हणे आधी नाकातली फुली पाहिली, मग म्हणाला, हो, ही माझीच बायको.

उखर्डूचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि माझा डावा. काल बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. त्याने दोघांची प्लास्टरं पाहिली. मग म्हणाला, "अक्का, तुमना डावा, मना उजवा. दोन्ही मिळीसन एक धड माणूस व्हई." आणि हसला. मला हसू आलं नाही.

माझ्या हाताचं डॉक्टरांनी विचारलं. घाटावर पाय घसरला, म्हटलं. त्यांनी मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. "मावशी, पडलेल्या माणसाचं मनगट असं वरून चेपत नाही." मी म्हटलं, "आमच्या सांजव्याचे घाट दगडी आहेत." पुढे त्यांनी विचारलं नाही.

पोलिसांकडून एक तरुण बाई आल्या होत्या. कोल्हापूरकडच्या. त्यांना बार म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

"म्हणजे दर वर्षी बायका एकमेकींना दगड मारतात?"

"फक्त अखाजीला. अक्षय्य तृतीयेला."

"आणि शिव्या?"

"शिव्या आधी. दगड नंतर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी शाळेत धडा म्हणायचे तसं सगळं सांगितलं. सांजव्याच्या बायका अलीकडे, थडीवरच्या वस्तीच्या बायका पलीकडे, मधे कोरडी नदी. दगड लिंबाएवढा, आणि कमरेच्या खाली. गड्यांनी काठावरून बघायचं, नदीत उतरायचं नाही. मग गावातली वडील सवाष्ण उरलेल्या डोहात गौराई सोडते आणि ओरडते, की सगळ्यांनी मुठी उघडून रिकामे हात दाखवायचे, आणि दोन्हीकडच्या बायकांनी एकत्र बसून सांजोऱ्या खायच्या. गौराई पाण्यात जाईपर्यंत जे झालं ते गौराईचं. त्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. एका बाईचा डोळा गेला होता, तिनेही नाही.

"यंदा गौराई कोणी सोडली?"

"मी."

"मग मंदाबाईंना दगड लागला तो त्याच्या आधी की नंतर?"

"बार चालू होता," मी म्हणाले.

तुम्ही सांगितलं होतं तेच सांगितलं.

रक्तदाबाच्या गोळ्या देवघराच्या कोनाड्यात शोधू नका. फ्रिजवर आहेत, चहाच्या डब्यामागे.

तुमची,
दिपमाला

धुळे, ५ मे

अहो,

भूषण आला होता. आंब्यांची पाटी घेऊन. लाडकुंवरने दारातच विचारलं, "आंबे कुणासाठी? तुझ्या काकूसाठी, का ती खाटेवर पडलीय तिच्यासाठी?" तिला तुम्ही ओळखता. शाळेत सिस्टर लोकांनी तिच्या जिभेपुढे हात टेकले होते. तिचे सुभाषचंद बिचारे खालच्या दुकानातून वर येतच नाहीत मी असल्यापासून. कापड मोजत बसतात.

भूषण म्हणाला, "काकू, चला घरी. नाना जेवत नाहीत."

"का?" लाडकुंवर म्हणाली, "त्यांचाही हात मोडला का?"

पोरगा लाल झाला. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे. लहानपणी फटाक्यांना घाबरून माझ्या पदरात शिरायचा. त्याच्या दंडावर फोड आले आहेत, त्यावर हळद लावली आहे. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "पेंढ्याचा भडका अंगावर आला थोडा." कोणता पेंढा ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे. तुम्हालाही.

मग तो आपणहूनच सांगायला लागला, क्रिकेटची मॅच सांगावी तसा. नळाच्या तोट्या आम्ही उपटल्या, काकू. पालिकेचं पाणी पालिकेलाच परत. एकेक जण घरातून बाहेर आला तसा झोडला. उखर्डूने दाराला आडवा हात लावला होता, तो पहारीने काढावा लागला. आणि शेळ्या? मी विचारलं. उखर्डूच्या शेळ्या दावणीला होत्या ना?

त्याने दंडावरच्या फोडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दावं सोडायला वेळ नव्हता."

मला अजून त्यांचा आवाज येतो. जळणारी शेळी लहान मुलासारखी ओरडते, हे मला या वयात कळायचं काही कारण नव्हतं.

जाताना त्याने खरं काम काढलं. "पंधरा तारखेला सुनावणी आहे. तेवढी पार पडू द्या. आज जर केस झाली, तर साहेब म्हणतील यांना आपलं गाव सांभाळता येत नाही आणि चालले पालिकेतून वेगळे व्हायला. नानांची एवढ्या वर्षांची मेहनत आहे. बार चालू होता, एवढंच धरून राहा."

"आणि वस्ती? त्यांना शहरात राहायचंय, त्याचं काय?"

"कसली वस्ती, काकू? गाव एक आहे. गाव तुटणार नाही."

अहो, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. पहिल्या सुनावणीहून तुम्ही परत आलात तेव्हा. पालिकेच्या त्या साहेबांनी तुमचे कागद न वाचता बाजूला सारले होते आणि म्हणाले होते, शहर एक आहे, शहर तुटणार नाही. तुम्ही काळा कोट खुंटीला न लावता जमिनीवर टाकलात. त्या दिवशीही तुम्ही जेवला नव्हता. मला तेव्हा त्या साहेबांचा किती राग आला होता.

आंबे मी परत पाठवले नाहीत. वॉर्डातल्या बायांना वाटले. आपल्या झाडाचे होते, मला वास आला.

तुमची,
दिपमाला

धुळे, ७ मे

अहो,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. आज मंदाबाईच्या उशाशी बसून मी तुमच्याशीच बोलत होते.

आपल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला जळगावच्या आणि धुळ्याच्या गाड्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. लग्न झालं त्या आठवड्यात तुम्ही ते स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं होतं. मी घाबरले होते, वाटलं नवऱ्याला मी नकोशी झाले. तुम्ही म्हणालात, "जायचा रस्ता उघडा असला तरच राहण्याला अर्थ. नाहीतर तो संसार नाही, कोठडी." मी मिशनच्या शाळेतली, बोर्डिंगात वाढलेली. रविवारी फाटकाबाहेर जायलाही चिठ्ठी लागायची. मला असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. त्या एका कागदावर माझा सगळा जन्म मी तुम्हाला दिला. गाड्यांच्या वेळा बदलल्या की दर दिवाळीला तुम्ही तो नवा लिहायचात, आणि मी नव्या नवरीसारखी लाजायची.

तुमचं तेच म्हणणं तुम्ही पुढे चावडीवर नेलंत, कोर्टात नेलंत, मुंबईपर्यंत नेलंत. मुंबईत बसलेल्या माणसाने नकाशावर रेघ ओढली आणि सांजवे शहरात गेलं, कोणी विचारलंही नाही. घरपट्टी वाढली, तरी गटार आली नाही. तुम्ही खरंच बोलत होता. सत्ता जितकी लांब तितकी आंधळी. जबरदस्तीने एकत्र ठेवलेलं एकत्र नसतं, नुसतं बांधलेलं असतं. आणि तुमचं ते आवडतं: राज्यातून जिल्ह्याला निघता आलं पाहिजे, जिल्ह्यातून गावाला, गावातून गल्लीला, गल्लीतून घराला. शेवटी एकटा माणूस उभा राहून 'मी नाही येत तुमच्यात' म्हणाला, तरी त्याला जाऊ द्यायला हवं.

भूषण एकदा म्हणाला होता, "नाना, मग बायको पण?"

"बायको सगळ्यांत आधी!" तुम्ही म्हणालात. अख्खा पार हसला. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मीही हसले.

आणि मंदाबाई. तुम्हाला ती कामाला येणारी एक बाई. मला ती कोण होती सांगू? लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला मला सासूबाईंनी नदीत नेलं आणि म्हणाल्या, दे शिवी. माझ्या तोंडून निघालं, "तू अगदी मूर्ख आहेस." दोन्ही काठ हसून लोळले. पलीकडून एक नवी नवरी ओरडली, "अय माय वं, हाई कोन मास्तरीन लई उनात?" मास्तरीण घेऊन आलात म्हणे. ती मंदा. माझ्याच वयाची. पुढे दर वर्षी ती मला नेम धरून शिव्या द्यायची, आणि मी वर्षभर मनात उत्तरं जुळवायची. शिवी द्यायला मला तिने शिकवलं. बार संपला की माझ्या ताटातली सांजोरी उचलून खायची आणि म्हणायची, गोड कमी शे. दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणात यायची तेव्हा मान खाली आणि 'अक्का, अक्का'. वर्षातून एकच दिवस ती माझ्याशी सरळ बोलायची.

यंदा काय झालं ते तुम्हाला पुरतं माहीत नाही. तुम्ही पारावर पत्ते खेळत होता.

सांजोऱ्यांच्या माळा घातलेली गौराई माझ्या डोक्यावर होती. गाणी झाली, शिव्या सुरू झाल्या. मंदाबाई पुढे आली, कमरेवर हात ठेवून. "ये वं अक्का! यंदा शिवी नही देत, खबर देस! तुमनं गाव शहरमाईन निंघस ना? निंघा! आम्ही तुमना गावमाईन निंघनूत. आम्ही शहरमाच राहसूत. अर्ज दी टाका!"

आमच्यातली एक ओरडली, "कसाले वं? शहर तुले काय देस?"

"नळ त्या देतस, लाता तुम्ही देतस!" ती म्हणाली. "शहरना साहेब माले वळखस नही, हाईच मना सुख शे. तुना नाना माले वळखस!"

पलीकडच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आमच्याही हसल्या. खोटं कशाला बोलू, मी सगळ्यांत जास्त हसले, कारण यंदाचा बार तिने जिंकला होता.

अखाजीचा दिवस त्यांनी विचार करूनच धरला असणार. एरवी वस्तीची बाई चावडीवर असं बोलली असती तर तिथेच तोंड फोडलं असतं. बारमध्ये बोललेलं सगळं माफ असतं, म्हणून ती बारमध्ये बोलली. चूक एवढीच झाली की रीत फक्त बायकांची होती. आमच्यातलीच एक जण हसत हसत पारावर सांगायला गेली, म्हणाली मंदाने काय झणका दिला ऐका. पारावर कोणी हसलं नाही.

मग मी वर पाहिलं, तर काठावरून गडी खाली उतरत होते. नदीत. भूषणने रस्त्याच्या कामाची खडी ट्रॅक्टरने आणली होती, तिचा ढीग पात्रातच ओतला. एकेक दगड मुठीत न मावणारा. पहिला दगड पलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यावर बसला आणि गुडघा उलट्या बाजूला वाकला. दुसरा एका मुलीच्या तोंडावर. तिने दात हातात धरले होते, रक्ताने भरलेली ओंजळ घेऊन ती आईला शोधत फिरत होती. पलीकडूनही मग मोठे दगड आले. आपल्या पुष्पाबाईंची भुवई फाटून डोळ्यावर लोंबत होती.

मला एकच सुचलं. मी गौराई घेऊन डोहाकडे पळाले.

आता नर्स आली आहे. मंदाबाईच्या घशात नळी बदलायची आहे, मला बाहेर जायला सांगतात.

दिपमाला

धुळे, ९ मे

अहो,

मंदाबाई गेली. पहाटे.

उखर्डूला समजलं तेव्हा तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. एकदा, दोनदा नाही, बराच वेळ. कपाळ फुटून भिंतीवर डाग पडला. वॉर्डबॉयने त्याला धरलं आणि ओरडला, "भिंत खराब होते, बाबा!" तेव्हा कुठे तो थांबला. मला वाटतं त्याला भिंतीची लाज वाटली.

पोलीसबाई परत आल्या. त्याला विचारलं, दगड कोणी मारला? तो म्हणाला, "बारमा व्हयनं." पुन्हा पुन्हा तेच. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, असं का सांगतोस? तो म्हणाला, "तीच उठीसन सांगती तरी हाईच सांगती, अक्का. बारनी तक्रार करानी नही." मग खालच्या आवाजात: "आनि आमले तठेच राहनं शे. तुमना गावना वाटवर."

दुपारी तिला घेऊन आम्ही निघालो. लाडकुंवरने गाडी करून दिली. तुम्ही दारात उभे असाल असं मला उगाच वाटत होतं.

वस्तीकडे जाणारा रस्ता तुम्ही खोदून ठेवला आहे. नांगराने नाही, मशीनने. माणूस उभा मावेल एवढा चर. पलीकडे आपल्याच गावची पोरं काठ्या घेऊन. भूषण म्हणाला, "नानांचा हुकूम आहे. विहीर वस्तीच्या बाजूला आहे, शहरात गेली तर गाव पाणी कुठलं पिणार? सुनावणी होईपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही."

"मेलेलं माणूस आहे रे," मी म्हणाले.

"तिने स्वतःच सांगितलं ना, ती शहरातली. मग शहरात जाळा."

वस्तीतली चार माणसं चर उतरून तिला घ्यायला आली. त्यांच्यावर काठ्या पडल्या. एकाच्या कानातून रक्त आलं, तो चरातच बसून राहिला. दुसऱ्याची बोटं काठीखाली मोडली, मला आवाज ऐकू आला, वाळल्या काड्यांसारखा. तिरडी तिरकी झाली. मंदाबाईचा पाय बाहेर आला. पायात जोडवी होती. मी माझ्या साडीचा पदर काढून तिच्या पायावर टाकला आणि भूषणसमोर तशीच उभी राहिले. त्याने मान वळवली, पण काठी खाली केली नाही.

आम्ही परत फिरलो. शहराच्या स्मशानात तिला अग्नी दिला. तिथल्या माणसाने नाव विचारलं, वय विचारलं, आणखी काही नाही. कुठल्या गावची, कुणाची, कोणत्या वस्तीची, काही नाही. उखर्डूने मला विचारलं, "इतलंच?" मी म्हटलं, हो, इथे एवढंच विचारतात.

दिपमाला

धुळे, ११ मे

अहो,

तुमची चिठ्ठी भूषण दुकानात टाकून गेला. तुमचं अक्षर पाहून आधी माझं मन भरून आलं, मग मी वाचलं. "हे आपल्या घरातलं आहे. आपल्या गावची रीत आपल्या गावात. बाहेरच्याला आत घेऊ नकोस. तू एकटीच साक्षीदार आहेस आणि तू माझी आहेस."

हो. डोहाशी मी एकटीच होते. बाकी ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातलं कोणी बोलणार नाही.

मी गौराई पाण्यात सोडली आणि जीव खाऊन ओरडले, "गौराई गयी! बार सरना!" तुम्हालाही ते ऐकू आलं होतं. मी तुमच्या चेहऱ्यावर पाहिलं. लहानपणापासून तुम्ही तो पुकारा ऐकत आला आहात. आमच्या बायकांचे हात थांबले. पलीकडे मंदाबाईने सगळ्यांत आधी दोन्ही मुठी उघडल्या आणि हात वर करून दाखवले. रिकामे. दम लागला होता, तरी हसत होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "अक्का, आते सांजोरी दे."

त्यानंतर तुमचा दगड आला.

भूषणचा नाही, कुण्या पोराचा नाही. तुमचा. तुम्ही खडीच्या ढिगातून तो निवडला, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, आणि चार पावलं पुढे जाऊन टाकला. ती तेव्हा सांजोरीसाठी माझ्याकडे वळत होती. खाली पडल्यावरही तिच्या मुठी उघड्याच होत्या.

तुम्ही दुसरा उचललात. मी तुमचा मोकळा हात धरून ओढला. तुम्ही म्हणालात, "सोड, दिपा." मी सोडला नाही. मग तुम्ही तो माझ्या मनगटावर मारला. चुकून नाही. तुम्ही आधी नेम धरलात, कारण मी धरलेल्या हाताने तुम्ही माझं कोपर दाबून धरलं होतं. हाड मोडल्यावर मी सोडला.

मग सगळे वस्तीकडे पळाले आणि धूर निघाला. मी घरी आले. एका हाताने कपाट उघडलं, साडी काढायला. दारावर तुमचं वेळापत्रक होतं. धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते मी तिथेच वाचलं.

मी तुमच्या बाजूने किती विचार केला हे तुम्हाला कळणार नाही. मंदाबाईच्या उशाशी मी तुमचीच वकिली करत होते. माणसाच्या आयुष्याचं सगळं एका शब्दावर ओढून धरलेलं असतं, आणि तोच शब्द दुसऱ्या कोणी तोंडावर फेकला तर तो बिथरतो. विहीर गेली असती, गाव तहानलं असतं, हेही खरं आहे. विहिरीचं बोलता आलं असतं. ती सांजोरी मागत होती हो. खाताखाता बोलता आलं असतं.

काल संध्याकाळी पोलीसबाई लाडकुंवरच्या घरी आल्या. मीच बोलावलं होतं. त्यांनी परत तेच विचारलं, आधी की नंतर?

"नंतर," मी म्हणाले.

"किती नंतर?"

"तिने दोन्ही हात उघडून दाखवले, त्यानंतर."

"कोणी मारला?"

मी नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. चाळीस वर्षांत तुमचं नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा चोरून घेतलं होतं. त्यांनी मान वर केली. "हे तुमचे कोण?" त्यांना माहीतच नव्हतं. मग मी तेही सांगितलं, आणि प्लास्टर टेबलावर ठेवलं.

लांबची सत्ता आंधळी असते, तुम्ही म्हणायचात. खरंच असते. तिला आपला घाट माहीत नाही, बार माहीत नाही, मंदाबाई कोण होती हेही माहीत नाही. तिला कोणीतरी हाताला धरून आणावं लागतं आणि बोट करून दाखवावं लागतं. ते काम जवळच्याच माणसाने करायचं असतं. तुमच्या जवळचं माझ्याहून कोण आहे?

उखर्डू आज तिच्या अस्थी घ्यायला आला होता. मी काय केलं ते त्याला सांगितलं. तो जायला उठला, परत बसला. मग म्हणाला, "आते तुमी कोन गावन्या?" मी म्हटलं, माहीत नाही रे. कुठलीच नाही. त्याने डावा हात माझ्या उजव्या हाताला लावला, नुसता टेकवला, आणि गेला.

हे पत्र आजच माणसाच्या हाती पाठवते, कारण उद्या सकाळी पोलीस येतील. त्यांची स्वतःची गाडी आहे, तुमच्या वेळापत्रकात ती नाही. निळा स्वेटर ट्रंकेत खाली आहे, तिथे फरशी गार असते म्हणतात. गोळ्या खिशात ठेवा. भूषणला म्हणावं चर आजच बुजव, त्याचं वय अजून आहे.

दार आतून लावू नका, ते तोडतील. आणि बाहेर याल तेव्हा मुठी उघड्या ठेवा. त्या लोकांना आपली रीत माहीत नाही, त्यांना काही कळणार नाही. पण चराच्या पलीकडे उखर्डू उभा असेल. त्याला दिसू द्या.

दिपमाला